दाखल्यावरची मोकळी ओळ

जून सरत आला की खान्देशात दोन घाया एकदम सुरू होतात. शेतात कपाशीची विरळणी असते आणि गावात दाखल्यांची धावपळ. नीटचा निकाल लागलेला असतो, नर्सिंगच्या याद्या लागायच्या असतात. धुळ्याच्या आग्रा रोडवर झेरॉक्सच्या दुकानांपुढे ओल्या छत्र्या टेकवून मुलंमुली उभी असतात, आणि त्यांच्या मागे आईबाप कापडी पिशवी छातीशी धरून. पिशवीत सगळं असतं : जातीचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, शाळा सोडल्याचा दाखला. एकेका कागदासाठी तहसीलच्या किती खेपा झाल्या ते आईबापांच्या चपलांवरच्या चिखलावरून कळतं. त्या गठ्ठ्यात एक कागद मात्र सगळ्यात कमी वेळात मिळतो. तो शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला. कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीने चालतो, म्हणून तो शेवटी घ्यायचा असतो, परतीच्या एसटीच्या आधी.

गल्लीतल्या माझ्या दवाखान्यात मी हे दाखले देत आले आहे. साक्री, शिंदखेडा, शिरपूर, पारोळा, अमळनेर अशा नावांचे स्टँडवरचे सगळे फलक या दिवसांत माझ्या बाकड्यावर येऊन बसतात. उंची, वजन, डोळे, रक्तदाब. मग स्टेथोस्कोप छातीला लावून मी त्या कोवळ्या हृदयांचे ठोके ऐकते. या ऐकण्यात मला फार आनंद होतो. जिना चढून आल्यामुळे ते जोरात चालत असतात, आणि पुढे काय होणार या उत्सुकतेनेही. उद्या हीच मुलगी कुणाच्या तरी छातीला असाच स्टेथोस्कोप लावेल, कुणाच्या तरी कपाळावर हात ठेवून ताप बघेल, मध्यरात्री कुणाचं तरी सलाइन बदलेल. ज्या हातांनी आतापर्यंत कापूस वेचला आणि भाकऱ्या थापल्या, ते हात आता दुसऱ्याचा जीव जपणार असतात.

आणि मग ती शेवटची ओळ येते. उमेदवारास कोणताही गंभीर आजार किंवा व्यंग नाही, अशा अर्थाची. छापील मजकूर असतो, खाली तारीख आणि सही. शेऱ्यासाठी एक ओळ मोकळी सोडलेली असते, आणि ती बहुतेक दाखल्यांवर मोकळीच राहते. मी पेन उचलते आणि विचारते, "काही गोळ्या चालू आहेत का?" त्या क्षणी बाकड्यावरची आई मुलीकडे न बघता माझ्याकडे बघते आणि हळूच म्हणते, "ताई, तिले काहीच नई शे. इतलंच लिखी द्या."

त्या 'काहीच नई शे'मध्ये काय काय असतं, हे मी इतक्या वर्षांत ओळखायला शिकले. कधी लहानपणी झालेला सांधेताप आणि त्याने दुखावलेली हृदयाची झडप. कधी दम्याचा पंप, ओढणीच्या गाठीत बांधलेला. कधी टीबीचा पूर्ण केलेला कोर्स. कधी सिकलसेल. कधी बारावीच्या वर्षी झोप उडाली, जेवण तुटलं, आणि जळगावला जाऊन कुणाला न सांगता आणलेल्या मनाच्या गोळ्या. आई खोटारडी नसते. तिला वाटतं, या एका ओळीने पोरीचं शिक्षण अडेल. त्याहून मोठी भीती म्हणजे कागदावर लिहिलेलं गावात पोहोचेल, आणि गावातून सोयरिकीत. नोंदणी करणाऱ्या मेडिकल कौन्सिलचं कार्यालय मुंबईला आहे; स्थळ मात्र शेजारच्या गावातून येतं. आमच्याकडे दुखणं लपतं ते आधी लग्नाच्या बाजारापासून, आणि मग ती सवय शिक्षणाच्या दाराशी सोबत येते.

या भीतीची मला ओळख आहे, कारण ती माझ्या घरात होती. दहावीच्या वर्षी मला पहिली फिट आली. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, रावेरकडचं. घरात माणसं जमली, कुणी नाकाशी कांदा फोडून धरला, कुणी चप्पल हुंगवली. आमचे नाना प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, मला कुशीवर वळवलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, अभ्यास सुरू राहिला. मेडिकलला नंबर लागला तेव्हा मी शिकायला बाहेरगावी जाणार होते. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री घरात बैठक बसली. आत्या म्हणाली, लिहू नका, पोरीचं नाव खराब होईल. तेव्हा कायद्याचंही बळ आत्याच्या भीतीमागे होतं : हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार हा लग्नाला अडसर मानला होता. ती तरतूद 1999 च्या दुरुस्तीने गेली. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जिथं दुसऱ्याचा जीव हातात घ्यायचा, तिथं खोट्यावर पाय ठेवून जायचं नाही. लिही बाई."

मी लिहिलं. तपासणीच्या दिवशी टेबलामागच्या वयस्कर प्राध्यापकांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. शेवटची फिट कधी आली? गोळी चुकते का? कशाने येते, हे तुला कळलंय का? मी म्हटलं, झोप मोडली की. त्यांनी मान हलवली आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. पुढे इंटर्नशिपला अपघात विभागातल्या रात्रपाळ्या आल्या, तेव्हा ड्यूटीचा तक्ता लावणाऱ्या सिस्टरनी माझ्या रात्री सलग लावल्या नाहीत. त्याच्या बदल्यात दिवाळी-अक्षय्यतृतीयेच्या दिवसपाळ्या मी घेतल्या, म्हणून बाकीच्यांचीही कुरकुर नव्हती. खोलीतल्या मैत्रिणीला मी शिकवून ठेवलं होतं : कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ, पाच मिनिटांवर गेलं तर लगेच डॉक्टरांना बोलव. एवढ्या व्यवस्थेवर मी डॉक्टर झाले. मला वाटतं, त्या दिवशी खरं बोलण्याचं धैर्य माझं आणि नानांचं होतं. ते वाया जाऊ न देण्याचं श्रेय मात्र ऐकणाऱ्यांचं. समोरच्या माणसाने वाचून नुसता शिक्का उचलला असता, तर त्यानंतर मी कुणालाच काही सांगितलं नसतं.

आमच्या धंद्यात दुखणं अंगावर काढण्याचं फार कौतुक होतं. ताप असताना ओपीडी केली, सलाइन लावून ड्यूटी केली, हे अभिमानाने सांगतात. मला अशा वेळी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. सोलापूरचे. 1938 मध्ये राष्ट्रीय सभेने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. बाकीचे परतले, ते राहिले. युद्धभूमीवर शस्त्रक्रिया केल्या, तरुणांना शिकवलं, आणि तिथेच त्यांना फिटच्या आजाराने गाठलं. तरी काम सुरूच राहिलं. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, एकामागून एक येणाऱ्या झटक्यांत ते गेले. त्यांच्या सेवेपुढे माझं डोकं झुकतं. पण त्यांच्यासारखीच फिट अनुभवलेली डॉक्टर म्हणून माझ्या मनात दुसरीही एक हाक उठते : त्यांना कुणीतरी झोपवायला हवं होतं. युद्धात ते शक्य नव्हतं. आज, शांततेच्या काळात, पाळीचा तक्ता हाताशी असताना, आपल्याला ते शक्य आहे.

आपल्याकडे नोंदणीची रचना अशी आहे की तब्येतीचा प्रश्न बहुतेक वेळा प्रवेशाच्या दाराशीच विचारला जातो. पुढे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे किंवा परिचर्या परिषदेकडे नोंदणी करताना भर असतो पदवी, इंटर्नशिप आणि ओळखीच्या कागदांवर. डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तिथे शिक्षणाचे गुण मोजले जातात. म्हणजे अठराव्या वर्षी, आई शेजारी बसलेली असताना, परतीच्या एसटीच्या घाईत एकदा जे 'काही नाही' लिहिलं गेलं, ते आयुष्यभर चालतं. माणूस मात्र बदलत राहतो. वॉर्डात टीबी लागतो, साखर वाढते, पाठीचा मणका सरकतो, मन थकतं. त्यातलं बरंचसं तर याच कामातून आलेलं असतं.

शिरपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याची एक पावरा आदिवासी मुलगी माझ्याकडे आली होती, जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेच्या प्रवेशासाठी. तिने पिशवीतून आधी सिकलसेलचं कार्ड काढलं आणि मग दाखल्याचा कोरा फॉर्म. दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडले, आणि मला जाणवलं की या मुलीकडून आपण एकाच वेळी दोन उलट गोष्टी मागतो आहोत. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं, 2047 चं लक्ष्य ठेवून. त्यात तिला सांगितलं जातं : तपासणी कर, कार्ड जवळ ठेव, लपवू नकोस. आणि प्रवेशाचा फॉर्म सांगतो : तुला काही नाही, असं लिहून आण. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला, ताप आला की हे वाढतं. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा आठ तासांची ड्यूटी आणि ऑपरेशन थिएटरमधली गार हवा, दोन्ही तिच्यासाठी जड.

मी तिला विचारलं, "तुला नर्सच का व्हायचंय?" ती म्हणाली, "दवाखान्यात मी खूप पडून राहिले. कोणती सिस्टर सुई दुखू न देता लावते, ते मला माहीत आहे."

हे ज्ञान कुठल्या पुस्तकात मिळतं? दुखणं सोसलेली परिचारिका वॉर्डात अशी काही गोष्ट घेऊन येते जी निरोगी माणसाला वर्षानुवर्षं शिकावी लागते. मी त्या मोकळ्या ओळीवर लिहिलं : प्रशिक्षणास पात्र. ड्यूटीत पाणी पिण्यास मोकळीक, थंड खोलीत उबदार कपडा, ताप आल्यास त्वरित तपासणी आवश्यक. दोन दिवसांनी तिच्या नर्सिंग स्कूलच्या प्राचार्यबाईंचा फोन आला. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मॅडम, बाटली वॉर्डात ठेवली तर चालेल का, की तिला बाहेर जाऊ द्यायचं?" मला तो प्रश्न फार आवडला. एखाद्या संस्थेचं मोठेपण अशा लहान प्रश्नात दिसतं.

माझ्या माहेरी रावेर-यावलच्या केळीबागांत घड भरला की खोडाला बांबूचा टेकू देतात. टेकू दिला म्हणून त्या केळीला कुणी कमअस्सल म्हणत नाही; उलट घड भारी आहे म्हणूनच टेकू लागतो. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याने नेमका हाच विचार शासकीय नोकरीत आणला आहे. माणसाला काम करता यावं म्हणून रास्त सोयी द्याव्यात, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कुणाला काढू नये किंवा खालच्या पदावर टाकू नये. कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत, आणि त्यांत सिकलसेल आहे, मानसिक आजार आहे, कुष्ठरोगातून बरे झालेलेही आहेत.

न्यायालयांनीही ही दिशा दाखवली आहे. 15 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. बोलण्यातल्या अडचणीमुळे त्याचं दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या वर मोजलं गेलं होतं आणि नियमाप्रमाणे एमबीबीएसचं दार बंद झालं होतं. न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने सांगितलं की नुसती टक्केवारी पुरेशी नाही; हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे दिव्यांगत्व मोजणाऱ्या मंडळाने तपासावं आणि नकार दिला तर कारणं लिहावीत. त्याही आधी, 1997 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्ही असलेल्या एका मजुराला न्याय दिला होता. काम करण्याची क्षमता असेल आणि इतरांना खरा धोका नसेल, तर निव्वळ या कारणाने काम नाकारता येणार नाही, असं म्हटलं. त्या खटल्यात त्याचं नाव कुठेच नाही, फक्त 'एमएक्स' अशी अक्षरं आहेत. न्याय देताना न्यायालयाने त्याची गुप्तताही जपली. पुढे 2017 च्या एचआयव्ही कायद्याने, न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणाला आपली स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही, हे पक्कं केलं. सांगणं आणि जपणं या दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या तरच माणूस तोंड उघडतो.

माझा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे. विलायतेत काम करायचं म्हणून तो तिथल्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी करत होता. एका रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मावशी, इथे तब्येतीचं विचारलंय. मागच्या वर्षीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांचं लिहू का?" आम्ही दोघांनी मिळून प्रश्न नीट वाचला. त्यांनी आजारांची यादी मागितली नव्हती. तुमचं काम सुरक्षितपणे करण्यावर परिणाम होईल अशी काही शारीरिक किंवा मानसिक स्थिती आहे का, एवढंच विचारलं होतं. तिथली परिचारिकांची परिषदही हेच मानते : चांगली तब्येत म्हणजे आजाराचा अभाव नव्हे, सुरक्षित काम करण्याची ताकद. भाचा गोळ्या वेळेवर घेत होता, डॉक्टरांना भेटत होता, रुग्ण नीट सांभाळत होता. तो शांत मनाने खरं उत्तर देऊ शकला. प्रश्न योग्य विचारला की उत्तर द्यायला माणसाला लपावं लागत नाही.

प्रश्न चुकीचा विचारला तर काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. लोर्ना ब्रीन कोविडच्या पहिल्या लाटेत अपघात विभागात राबल्या, कोसळल्या, आणि एप्रिल 2020 मध्ये त्यांनी स्वतःचा जीव संपवला. मदत घेतली तर परवाना जाईल अशी त्यांना धास्ती होती, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. 2022 मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला, आणि परवान्याच्या फॉर्मवरचे खोल खणणारे प्रश्न काढावेत म्हणून त्यांच्या नावाची संस्था आजही झटते आहे. आपल्याकडे नॅशनल मेडिकल कमिशनच्या कार्यगटाने 2024 मध्ये पंचवीस हजारांवर एमबीबीएस विद्यार्थ्यांची उत्तरं मांडली. त्यांतल्या 27.8 टक्क्यांनी, आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालं आहे, असं स्वतः नोंदवलं. नाव न विचारता विचारलं, तेव्हा ही मुलं बोलली. हीच मुलं दाखल्यावर 'काही नाही' लिहून आत आली असतील, हे मनात आलं की मला झोप लागत नाही.

दुसरी बाजू मला डोळ्यांआड करायची नाही. खाटेवरचा माणूस स्वतःचा जीव आमच्या हाती देतो. थुंकीत टीबीचे जंतू असताना कुणी नवजात बाळांच्या कक्षात जाऊ नये. फिट आटोक्यात नसताना कुणी हातात शस्त्र धरू नये. अशा वेळी थांबलंच पाहिजे, आणि थांबवलंच पाहिजे. पण थांबलेल्या माणसाला परत येता येईल, पगार आणि पाळी दोन्ही त्याची वाट बघतील, हे आधी ठरलेलं असावं. टीबीवर योग्य औषधं सुरू झाली की बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत संसर्ग देईनासे होतात. मग त्या सिस्टरच्या नावावर कायमचा डाग कशाला? थांबणं म्हणजे संपणं, असं जिथे वाटतं तिथे खोकला रुमालात दाबला जातो. म्हणजे लपवाछपवीने रुग्णच असुरक्षित होतो. रुग्णाचं रक्षण आणि कर्मचाऱ्यावरची माया ही दोन टोकं मला कधीच दिसली नाहीत.

म्हणून मला त्या छापील ओळीच्या जागी तीन प्रश्न हवे आहेत. तुझ्या कामावर परिणाम करील असं आज काही आहे का? ते आटोक्यात ठेवायला तू काय करतेस? आणि तुला सोपं जावं म्हणून आम्ही काय करावं? उत्तरं वाचणारी माणसं मोजकी असावीत, कागद कुलपात राहावा, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी हेच पुन्हा, तितक्याच मायेने विचारलं जावं. यासाठी नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. धुळ्यातलं हिरे वैद्यकीय महाविद्यालय, जळगावात सिव्हिलचं 2018 मध्ये झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तालुक्या-तालुक्यातली नर्सिंग स्कूलं, कुठेही उद्यापासून हे करता येईल.

यंदा दाखला घ्यायला येणाऱ्या माझ्या लेकींनो, लेकरांनो, तुम्हाला जे आहे ते सांगा. गोळीचं नाव सांगा, कशाने त्रास होतो ते सांगा, कशाने बरं वाटतं तेही सांगा. आणि तुमच्या आईला बाहेर बसवायचं असेल तर तसंही सांगा, मी बसवीन. सह्या करणाऱ्या माझ्या डॉक्टर भावाबहिणींना, तक्ता लावणाऱ्या सिस्टरांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे, की समोरचं मूल बोलायला लागलं की शिक्का बाजूला ठेवा. वॉर्डातल्या रुग्णाला विसावलेला, सावध आणि खरं बोलणारा माणूस हवा असतो. असा माणूस घडतो, कारण अठराव्या वर्षी त्याचं खरं बोलणं कुणीतरी न घाबरता ऐकून घेतलेलं असतं.